बाबांचा राइट आणि मोटेचे बैल

आमच्या घरात इंग्रजी शब्द एकच होता आणि तो बाबांनी बाजारातून आणला होता. कारंज्याच्या बाजारात वांगी आणि मेथी विकून परत येताना ते मीठ आणत, गूळ आणत, आईने सांगितलेली सुई हमखास विसरत. एका बाजारी ते सुई विसरले ते विसरलेच, पण ओटीवर पाय ठेवताच म्हणाले, "राइट!"

आईला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. तिने पाणी दिलं. बाबांनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "राइट."

आमचा मळा कारंज्यापासून बैलगाडीच्या वाटेवर होता. विहीर, वांग्याचे वाफे, कांदा, मेथी, कडेला चार पपया आणि विहिरीला लागून आमचं घर. अंगणाला दार म्हणून नव्हतं, वाट थेट अंगणातच शिरायची. राज्य इंग्रजांचं होतं, पण ते आमच्या मळ्यात कधी आले नाहीत. त्यांचा हा एक शब्द तेवढा आला आणि घरचाच झाला.

झालं होतं असं. बाजाराच्या वाटेवर छोट्या रेल्वेगाडीचं टेसन लागायचं. तिथे हिरवी झंडी घेतलेला एक जण ओरडला, "राइट!" आणि एवढी मोठी गाडी मुकाट चालू लागली. बाबांचा जन्म बैल हाकण्यात गेला होता. एका शब्दात, शिवी न देता, काठी न उगारता काही चालू लागतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून त्यांनी नादच घेतला. भेटेल त्या शिकलेल्या माणसाला थांबवायचं, हातात चार वांगी द्यायची आणि विचारायचं, "राइट म्हनजे काय जी?" आणि गंमत अशी की दर वांग्याला अर्थ वेगळा निघाला. शाळेचे मास्तर म्हणाले, गणित बरोबर आलं की राइट. कवायत शिकवणारा म्हणाला, राइट म्हणजे उजवा. नाल्याच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण चाललं होतं, तिथला वकील म्हणाला, पाण्यावर तुमचा राइट आहे, म्हणजे हक्क. सरकीच्या कारखान्यातला मिस्त्री म्हणाला, इंजिन नीट चालत असलं की राइट. शिंप्याने खणाची सुलटी बाजू दाखवली आणि तीही राइट निघाली. बांध घालायला आलेल्या ओवरसियरने काटकोनालाही तोच शब्द लावला, तेव्हा बाबा हतबुद्ध होऊन घरी आले.

"एवढं मोठं राज्य हाय त्यायचं," ते आईला म्हणाले, "अन् शब्दायची अशी टंचाई काहून?"

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काटकसरी असतीन. तुमच्यासारखे सुई इसरत नसतीन."

मास्तरांनी पुढे अशीही माहिती दिली की लिहिण्यालाही राइटच म्हणतात, मात्र तो अक्षरं बदलून लिहायचा. बाबांनी हात झटकला. "आपल्याले कुठं लिवायचं हाय? कानाले सारखा लागते ना, मंग झालं."

आई तशी बोलायची कमी, पण एका संध्याकाळी तिचा संयम सुटला. बाबा तिला राइटचा सातवा की आठवा अर्थ समजावत होते आणि चुलीवरची डाळ उतू जात होती. "मोठं कवतिक त्या राइटचं!" ती म्हणाली. "आपल्या 'लागला' मंदी काय कमी हाय? भूक लागली, ठेच लागली, वांग्याले फळ लागलं, पोरीले सोळावं लागलं, तुमाले याड लागलं. अन् आता डाळ बुडाले लागली. घ्या!"

जेवताना बाबा करपलेली डाळ भाकरीवर घेत म्हणाले, "राइट हाय तुहं."

आता सोळावं लागलेल्या पोरीकडे, म्हणजे माझ्याकडे येते. त्या काळी आमच्यात सोळा वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे घरावर ठेवलेला धोंडाच. मला मागण्या येत होत्या आणि मी प्रत्येकात खोट काढत होते. खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते टेसनावर उभं होतं, हिरवी झंडी घेऊन.

टेसनावरच्या चहावाल्याला मी कधीमधी कोथिंबीर द्यायला जाई. एकदा टोपली नेमकी त्या झंडीवाल्याच्या वाटेत ठेवली. तो म्हणाला, "राइट." मी टोपली उजवीकडे सरकवली. तो पुन्हा म्हणाला, "राइट." मी आणखी सरकवली. असं करत करत मी टोपलीसकट फलाटाच्या टोकाला गेले, तेव्हा तो हसून म्हणाला, "अवो, मी गाडीले म्हनून राह्यलो." मला राग आला पाहिजे होता. तो आला नाही. मला हाच नवरा हवा होता, एवढं त्या टोकावर उभं राहून मला कळलं.

तो आसेगावचा, आमच्याच जातीतला, बिनलग्नाचा, बाप नसलेला. घरातला कर्ता म्हणजे मामा. ही सगळी माहिती बाबांनी चहावाल्याकडून काढली, अर्थात राइटसाठी, माझ्यासाठी नव्हे. ज्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला तोच जावई मिळतो म्हटल्यावर बाबा हवेतच चालू लागले. मामाकडे निरोप गेला, पाहायला येतो असा जबाब आला, आणि दोघं मामा-भाचे मला पाहायला आले. कामरगावकडे निघालेल्या मामांच्या एका शेजाऱ्याने त्यांना गाडीतून आमच्या दारात उतरवलं आणि तो पुढे गेला. संध्याकाळच्या गाडीवर मुलाची पाळी होती. तोवर त्याला टेसनावर परत पोचवायचं आमच्याकडे आलं.

मामा म्हणजे एक सुकलेली, उंच मूर्ती. डोक्याला मोठं पागोटं आणि नजरेत सदैव शंका. लग्नाच्या बाबतीत त्यांचा शकुनावर फार भरवसा. येताना आडवं मांजर गेलं नाही, म्हणून ते जरासे नाराजच दिसले, असं मला उगाच वाटलं.

मला त्यांनी चालायला लावलं. मी चालले. सुईत दोरा ओवायला लावला. सुई घरात नव्हती, म्हणून शेजारून आणावी लागली आणि आईने बाबांकडे असं पाहिलं की ते वाफे पाहायच्या निमित्ताने उठू लागले. मामांनी विचारलं, "मळ्यात काय काय लावता?" मी वांग्यापासून सुरुवात केली आणि पपयांपर्यंत पोचेस्तोवर मामांना जांभई आली. मुलाला काही विचारायचं का म्हटल्यावर तो म्हणाला, "राइट." बाबांचा चेहरा उजळला. आईने कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, "इचार करून कळवतो." यात होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. माझा जीव टांगणीला लागला.

निघायची वेळ झाली आणि अडचण उभी राहिली. आमच्या गाडीच्या बैलांपैकी एकाचा खांदा सुजून आला होता. त्याच्या मानेवर जू ठेवणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, "मोटंचे जुपतो की!" आणि विहिरीवरचे दोन बैल सोडून त्यांनी गाडीला जुंपले.

मोट आता कोणी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. विहिरीच्या काठापासून उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेने खाली उतरले की दोराने चामड्याची भरलेली मोट वर येते आणि पाटात पाणी ओतते. बैल खाली जाताना हाकणारा त्या दोरावर बसतो, म्हणजे त्याचंही वजन ओढायला लागतं. धाव संपली की तो उठतो, जिभेने चक् करतो, आणि बैल उलट्या पावली मागे मागे चढत विहिरीकडे येतात. पुन्हा खाली, पुन्हा मागे. बाबांनी हे लहानपणापासून केलं होतं आणि मी लहानपणापासून पाटावर उभी राहून, वाफ्यांत पाणी फिरवत, हे पाहत आले होते.

मामा आणि भाचा गाडीत बसले. बाबा पुढे धुरीवर बसले, "राइट!" म्हणाले, आणि गाडी ऐटीत निघाली. मी आणि आई दारात उभ्या होतो. गाडी बरोबर धावेच्या लांबीइतकी गेली, थांबली, आणि पाहुण्यांना घेऊन उलटी आमच्या दारात आली.

मामांना वाटलं, काही राहिलं असेल. त्यांनी पागोटं चाचपलं, काठी पाहिली. सगळं जागेवर होतं. बाबा कसनुसे हसले आणि पुन्हा हाकलं. गाडी गेली, तेवढीच गेली आणि परत आली. या वेळी मामांचं पागोटं घसरून भाच्याच्या मांडीवर पडलं. आईने पदर तोंडात कोंबला.

"मोटंचे हायेत जी," बाबा घाम पुसत म्हणाले. "त्यायले धावीची सवय हाय. अबे, चाल! सरळ चाल!"

तिसऱ्यांदा गाडी दारात आली तेव्हा मामा खाली उतरले. पागोटं नीट बसवलं आणि म्हणाले, "हे लक्षन बरं नाई. पोरगी पाहून निघालो अन् बैल मांगं फिरले. सोयरिकीचं मांगंच फिरलं समजा. आमी पायी जातो."

मुलगा गाडीतच बसला होता, खाली मान घालून. मामाच्या शब्दापुढे त्याचं काय चालणार? बाबा बैलांना शिव्या देत होते, आणि ते बैल, बिचारे, कान पाडून ऐकत होते.

आणि मला मात्र एक दिसलं होतं, जे बाकी कोणाला दिसलं नाही. पहिल्या फेरीत वाटलं होतं, दुसऱ्या फेरीत खात्री झाली होती, तिसऱ्या फेरीत मी फक्त बाबांकडेच पाहत होते. गाडी धावेइतकी गेली की बैल थांबायच्या आधी बाबा धुरीवरून अर्धवट उठत होते आणि चक् करत होते. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात न येता! बैल बिचारे धन्याचं ऐकत होते. मोटेची सवय बैलांना होती त्याहून बाबांना जास्त होती. गाडीचे बैल गाडीत, मोटेचे बैल मोटेवर, असं त्यांचं आयुष्यभर चाललेलं. त्यामुळे ही भानगड कधी झालीच नव्हती.

हे सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर मामांचा शकुन खोटा पडला असता. पण बाबांची काय शोभा झाली असती! होणाऱ्या जावयासमोर, ज्या दिवशी ते इतक्या मानाने राइट म्हणत होते त्या दिवशी. आणि नाही सांगितलं तर तो मुलगा पायी निघाला होता, माझ्या जन्मातून.

मी पदर खोचला आणि अंगणात उतरले. जिला पाहायला आले त्या मुलीने असं बाहेर येणं म्हणजे आक्रीतच.

"बाबा," मी म्हटलं, "पाटाचं पानी फुटलं. वाफे वाहून जातीन. तुमी तिकडं पाहा. गाडी मी नेतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोट बंद होती. मोटेचे बैल त्यांच्या समोर गाडीला जुंपलेले होते. पाट कोरडा ठणठणीत होता आणि त्यात पाणी फुटायला कुठून येणार, हे कोणालाही कळलं असतं. बाबा धुरीवरून उतरले, कुदळ खांद्यावर घेतली आणि मुकाट पाटाकडे गेले.

मामा शेतकरीच होते, इतके भोळे नव्हते. "बैल इथं, मोट बंद," ते म्हणाले, "मंग पाटाले पानी कुठून आलं?"

तेव्हा तो मुलगा, जो दिवसभर एक शब्द सोडून काही बोलला नव्हता, गाडीतून म्हणाला, "राइट हाय मामा. फुटते कधी कधी. बसा तुमी, माहाली गाडी चुकन."

त्यालाही दिसलं होतं! त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, पण मला जे कळायचं ते कळलं. मामा कुरकुरत चढले. मी धुरीवर बसले. एकटी मुलगी परक्यांबरोबर कशी जाईल म्हणून आई मागून चढली, आणि बाजाराला जायचंच आहे असं दिसावं म्हणून तिने वांग्याची टोपलीही घेतली.

धावेइतकी गाडी गेली. बैलांचे पाय मंदावले. त्यांनी कान मागे केले आणि ते वाट पाहू लागले. मी दगडासारखी बसून राहिले. श्वाससुद्धा घेतला नाही. बैलांनी थोडी वाट पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, असं आपलं मला वाटलं, आणि पुढे निघाले. एकदा विहीर नजरेआड झाल्यावर त्यांना असा काही हुरूप आला की विचारू नका. जन्मात पहिल्यांदाच ते पुढे गेले ते मागे आलेच नाहीत. गाडी अशी उधळली की वांगी मामांच्या मांडीवर आली.

"बाईमानसानं गाडी हाकलेली मी आजलोक पाह्यली नाई!" मामा दोन्ही हातांनी कठडा धरून ओरडले.

"मंग आज पाहा," आई म्हणाली आणि वांगी वेचू लागली.

टेसनावर गाडीच्या इंजिनातून धूर निघत होता. मुलगा उडी मारून पळाला. मामा सावकाश उतरले. त्यांनी बैलांभोवती एक फेरी मारली. बैलांचे खूर पाहिले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बैलांकडे पाहिलं. मनातल्या मनात त्यांचा हिशेब चालला असावा.

"बापाच्या हातून मांगं गेले," ते शेवटी म्हणाले, "अन् पोरीच्या हातून इथलोक सरळ आले. म्हनजे पोरगी मांगं नेनारी नाई." मग त्यांनी फलाटाकडे तोंड करून आवाज दिला, "कायबे, काय म्हनतं तू?"

त्याच क्षणी हिरवी झंडी वर गेली आणि तिकडून आवाज आला, "राइट!"

गाडी हलली. मामा म्हणाले, "चला, हो म्हनला." आईने लगेच त्यांच्या उपरण्यात उरलेली वांगी घातली. तो मामांना हो म्हणाला की नुसता गाडीला सोडत होता, हे मी लग्नानंतर त्याला किती वेळा विचारलं! भांडणातही विचारलं, गोडीतही विचारलं. त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "राइट," आणि बिडी शिलगवायचा.

लग्न आमच्या मळ्यातच झालं. पाठवणीच्या दिवशी बाबांनी कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. नवरानवरी आणि मामांना टेसनावर तेच पोचवणार होते. या वेळी गाडीचे बैल होते. त्या बैलाचा खांदा केव्हाच बरा झाला होता. मोटेचे बैल गोठ्यात वैरण खात उभे होते. मी निघण्याआधी त्यांच्या कपाळाला हात लावून आले होते, म्हणून मला पक्कं माहीत होतं.

आई मला धरून रडली, मी आईला धरून रडले. बाबा धुरीवर बसून समोर पाहत होते. "राइट," ते म्हणाले आणि गाडी निघाली.

धावेच्या लांबीइतकी गेली, थांबली आणि उलटी दारात आली.

माणसं हसली. आई रडता रडता हसली. बाबांनी पुन्हा हाकलं. गाडी गेली आणि परत आली. मामांनी पागोटं दोन्ही हातांनी धरलं होतं. "पाहुने," ते म्हणाले, "हेही मोटंचेच का?"

"हो जी," बाबा म्हणाले. मागे न पाहता.

गाडीचे बैल आपणहून मागे येत नसतात. त्यांना कासरा ओढून मागे घ्यावं लागतं. मी बाबांच्या अगदी पाठीशी बसले होते आणि त्यांच्या हातातला कासरा मला दिसत होता. त्यांनी तो इतका घट्ट ओढून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. या वेळी ते उठले नव्हते, चक्ही केलं नव्हतं. ही सवय नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी दारात आली. आता कोणी हसलं नाही. मामांनी तोंड उघडलं, पण माझ्या नवऱ्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मामा गप्प बसले. मला बाबांचा इतका लळा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. सगळा जन्म मी त्यांची फजितीच पाहत आले होते. वाटलं, उतरावं, टोपली घ्यावी आणि पाटावर जाऊन उभं राहावं.

मी पुढे वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, पाटाचं पानी फुटलं. तुमी तिकडं पाहा. गाडी मी नेतो."

मग त्यांनी कासरा माझ्या हातात दिला, उतरले, आणि कुदळ घेऊन गेले. हळद लागलेल्या हाताने मी बैल हाकले. वळणावर मी मागे पाहिलं. बाबा कोरड्या पाटात उभे होते आणि कुदळीने माती ओढून, नसलेलं पाणी अडवत होते.